ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन: बडोद्यातल्या नवख्या परीक्षार्थींसाठी सरावाची पद्धत

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठी द्यायच्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या रीडिंगमध्ये म्हणजे वाचनाच्या पेपरात, ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन हा प्रश्नप्रकार दिसायला सगळ्यांत सोपा असतो. स्वतः काही लिहायचे नाही, स्पेलिंगची भीती नाही, तीन पर्यायांतला एक निवडला की झाले. तरी पहिली सराव चाचणी देऊन आलेली मुले बहुतेक वेळा इथेच अडलेली असतात, आणि त्यांत इंग्रजी माध्यमात शिकलेली, इंग्रजी सफाईने बोलणारी मुलेही असतात. अडचण केवळ इंग्रजीची असती तर या मुलांना ती आली नसती.

खरी अडचण अशी, की वाचताना आपण कागदावर नसलेलेही वाचतो. डोक्यात आधीपासून असलेली माहिती, शाळेत ऐकलेले, तर्काने बरोबर वाटणारे, हे सगळे उताऱ्यात मिसळते आणि मग ‘हे तर खरेच आहे’ म्हणून आपण ट्रू लिहून मोकळे होतो. परीक्षेचा प्रश्न मात्र ‘हे खरे आहे का’ असा नसतोच. ‘हे या उताऱ्यात सांगितले आहे का’ एवढेच विचारलेले असते. हा फरक एकदा अंगवळणी पडला की पुढचा सराव सोपा जातो. तो अंगवळणी पडण्यासाठी मी मुलांना आधी मराठीत सराव करायला सांगते, तोही बडोद्याविषयीच्या उताऱ्यांवर. विषय जितका ओळखीचा, तितकी स्वतःची माहिती मध्ये घुसण्याची शक्यता जास्त, म्हणून सवय मोडायला तोच विषय बरा.

आधी पेपरची तोंडओळख

वाचनाचा पेपर साठ मिनिटांचा असतो आणि त्यात चाळीस प्रश्न असतात. शिक्षणासाठी जाणारे अॅकॅडेमिक परीक्षा देतात. तिच्यात तीन मोठे उतारे असतात, तिन्ही मिळून साधारण २१५० ते २७५० शब्दांचे. नोकरीसाठी किंवा स्थायिक होण्यासाठी जाणारे जनरल ट्रेनिंग देतात. तिच्यात सुरुवातीला जाहिराती, सूचना, कामाच्या ठिकाणचे नियम असे छोटे मजकूर असतात आणि शेवटी एक मोठा उतारा. ट्रू-फॉल्सचे प्रश्न दोन्हींत येऊ शकतात, आणि पद्धत दोन्हीकडे एकच.

प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण, आणि एकूण गुणांवरून बँड म्हणजे श्रेणी ठरते. अॅकॅडेमिकमध्ये चाळीसपैकी तेवीसच्या आसपास बरोबर आली तर सहा बँड, तीसच्या आसपास आली तर सात, पस्तीसला आठ. जनरल ट्रेनिंगचे मजकूर सोपे असल्याने तिथे सहा बँडसाठीच तीसच्या आसपास लागतात आणि सातसाठी चौतीस. प्रत्येक परीक्षेगणिक हे आकडे थोडे हलतात, पण अंदाज येण्यापुरते पुरेसे आहेत. साडेसहा आणि सात यांमधले अंतर अनेकदा तीन-चार प्रश्नांचे असते, आणि तेवढे प्रश्न ट्रू-फॉल्सच्या एकाच गटात असतात.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई किंवा नीटची तयारी करून आलेल्या मुलांना ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण शंका आली की जागा रिकामी सोडायची सवय त्यांच्या हाताला लागलेली असते. इथे रिकामी जागा म्हणजे हातचा गुण सोडणे.

तीन उत्तरे आणि एक कसोटी

विधानाचा अर्थ उताऱ्यात जसाच्या तसा असेल, शब्द कितीही वेगळे असोत, तर ट्रू. उतारा विधानाच्या विरुद्ध काही सांगत असेल तर फॉल्स. विधान बरोबर की चूक हे उताऱ्यावरून ठरवताच येत नसेल तर नॉट गिव्हन.

ट्रू ओळखणे फारसे जड जात नाही. घोळ फॉल्स आणि नॉट गिव्हनमध्ये होतो. त्यासाठी एक कसोटी वापरा. स्वतःला विचारा: उतारा खरा आणि हे विधानही खरे, असे एकाच वेळी होऊ शकते का? होऊच शकत नसेल तर फॉल्स. होऊ शकते, पण उतारा त्याला दुजोरा देत नाही, तर नॉट गिव्हन. फॉल्स लिहिण्यासाठी उताऱ्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘ही ओळ विधानाला खोडते’ असे म्हणता आले पाहिजे. बोट ठेवायला ओळच सापडत नसेल तर ते फॉल्स नाही. न्यायाधीशाला आरोपीविषयी बाहेर कितीही ऐकू आले तरी निकाल समोर आलेल्या पुराव्यावरच द्यावा लागतो, तसेच इथे.

मराठीतला सराव

आता खालचा उतारा वाचा. घड्याळ लावू नका, सावकाश वाचा.

*बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९३ साली प्रयोग म्हणून अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९०६ साली ही सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू झाली. शिकलेल्या लोकांची वाचनाची सवय पुढेही टिकावी या हेतूने महाराजांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतले. १९१० मध्ये बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालयाचे काम सुरू झाले आणि त्यानंतर संस्थानातील अनेक गावांत वाचनालये निघाली. जी गावे दूर होती, त्यांच्याकडे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली जात.*

या उताऱ्यावर सात विधाने देते. प्रत्येकापुढे ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन लिहा आणि मगच पुढे वाचा.

१. सक्तीचे शिक्षण आधी संस्थानाच्या एका भागात आजमावून पाहिले गेले.
२. १८९३ पासून संस्थानातील प्रत्येक मुलाला शाळेत जाणे बंधनकारक झाले.
३. सक्तीच्या शिक्षणासाठी पालकांना फी भरावी लागत नसे.
४. शाळा सुटल्यावरही लोकांनी वाचत राहावे अशी महाराजांची इच्छा होती.
५. बॉर्डन हे बडोदा संस्थानाच्या सेवेत आलेले पहिले अमेरिकन होते.
६. मध्यवर्ती ग्रंथालयापेक्षा गावांतल्या वाचनालयांना वाचकांची जास्त पसंती होती.
७. दूरच्या गावांतील लोकांना पुस्तकांसाठी बडोद्याला यावे लागे.

पहिले ट्रू. उताऱ्यात ‘प्रयोग म्हणून’ आहे, विधानात ‘आजमावून पाहिले’. उताऱ्यात अमरेली तालुक्यातील काही गावे, विधानात संस्थानाचा एक भाग. नेमके शब्द जुळत नाहीत, अर्थ पूर्ण जुळतो. परीक्षेतली बहुतेक ट्रू विधाने अशीच असतात. उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे विधानात दिसले तर उलट थोडे सावध व्हा, कारण शब्द तेच ठेवून अर्थ फिरवणे परीक्षकांना चांगले जमते.

दुसऱ्या विधानाने तेच केले आहे. १८९३ हे वर्ष उताऱ्यात आहे, सक्ती आहे, संस्थान आहे. नजर भराभर फिरवणारा इथे ट्रू लिहितो. पण त्या वर्षी सक्ती काही गावांपुरती होती आणि सगळ्या संस्थानाला ती १९०६ साली लागू झाली, असे उतारा स्पष्ट सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. फॉल्स.

तिसऱ्यावर जरा थांबू, कारण बडोद्यातली मराठी मुले सगळ्यांत जास्त इथेच फसतात. सयाजीरावांनी सुरू केलेले शिक्षण मोफतही होते आणि सक्तीचेही, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या घरी हा प्रश्न मोठ्याने वाचला तर आतल्या खोलीतून आजोबाच उत्तर देतील, ‘अरे, फुकटच होतं शिक्षण!’ आजोबा बरोबरच आहेत. पण उताऱ्यात फीविषयी एक अक्षर नाही. सक्ती असूनही फी असू शकते, नसूही शकते. उतारा दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो, म्हणून नॉट गिव्हन. इतिहास माहीत नसलेल्या मुलाला हा प्रश्न सोपा जातो आणि माहीत असलेल्याला अवघड, हे या प्रश्नप्रकाराचे वैशिष्ट्य आहे. पर्यावरण, आरोग्य, कॉम्प्युटर अशा विषयांवरचे इंग्रजी उतारे समोर आले की आपापल्या क्षेत्रातली मुले नेमकी याच कारणाने गुण गमावतात. बीएस्सी बायोलॉजी केलेली मुलगी मधमाश्यांवरच्या उताऱ्यात अडखळते, कारण तिला मधमाश्यांबद्दल लेखकापेक्षा जास्त माहीत असते.

चौथे ट्रू. ‘सवय पुढेही टिकावी या हेतूने’ आणि ‘वाचत राहावे अशी इच्छा’ यांचा अर्थ एकच.

पाचव्यात सगळे वजन ‘पहिले’ या शब्दावर आहे. बॉर्डन अमेरिकन होते, बडोद्याला आले, इथवर उतारा साथ देतो. त्यांच्याआधी कोणी अमेरिकन आला होता की नाही, याबद्दल तो काहीच म्हणत नाही. नॉट गिव्हन. सहाव्यात तुलना आहे. उताऱ्यात दोन्ही प्रकारच्या ग्रंथालयांचा उल्लेख आहे, पण कोणाला जास्त वाचक मिळाले हे सांगितलेले नाही. दोन गोष्टींचा उल्लेख आहे म्हणजे त्यांची तुलनाही आहे असे समजू नका. हेही नॉट गिव्हन.

सातवे फॉल्स. ‘लोकांना यावे लागत नव्हते’ असे शब्द उताऱ्यात नाहीत, म्हणून काही मुले नॉट गिव्हन लिहितात. पण पेट्यांतून पुस्तके त्या गावांकडेच जात होती ही ओळ विधानाला थेट छेद देते. तिच्यावर बोट ठेवता येते. विरोध असायला ‘नाही’ हा शब्दच असावा लागतो असे काही नाही.

चार-पाच उत्तरे जमली असतील तर सुरुवात चांगली आहे. चुकलेली उत्तरे कोणत्या कारणाने चुकली ते मात्र आत्ताच वहीत टिपा.

विधानातला भारी शब्द शोधा

इंग्रजी उताऱ्याकडे जाण्याआधी ही सवय लावून घ्या. विधान वाचले की लगेच उताऱ्याकडे धावू नका. विधानाचा अर्थ ज्या शब्दावर टेकला आहे, त्याखाली रेघ ओढा. तो शब्द बहुधा खालीलपैकी एखाद्या जातीचा असतो.

प्रमाण सांगणारे शब्द: ऑल, मोस्ट, सम, ओन्ली, एव्हरी. वारंवारता सांगणारे: ऑल्वेज, ऑफन, रेअरली, नेव्हर. उताऱ्यात ‘रेअरली’ आणि विधानात ‘नेव्हर’ असेल तर ते फॉल्स, कारण क्वचित घडणारी गोष्ट घडते तरी. खात्री किती आहे हे दाखवणारे: मे, माइट, मस्ट, विल. ‘असे असू शकेल’ असे उतारा म्हणतो आणि विधान ‘असेच आहे’ म्हणते, तेव्हा विधान ट्रू होत नाही. क्रम आणि तुलना: फर्स्ट, लार्जेस्ट, मोअर दॅन, अर्लियर. आणि कारण: बिकॉज, ड्यू टू, लेड टू, रिझल्टेड इन.

कारणाच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्या. आपल्या उताऱ्यात मध्यवर्ती ग्रंथालयानंतर गावांत वाचनालये निघाली असे म्हटले आहे. विधान जर ‘मध्यवर्ती ग्रंथालयामुळे गावांत वाचनालये निघाली’ असे असते तर? एक गोष्ट दुसरीनंतर घडली, एवढेच उतारा सांगतो. पहिलीमुळे दुसरी घडली असे तो म्हणत नाही. उत्तर नॉट गिव्हन. रोजच्या बोलण्यात आपण ‘नंतर’ आणि ‘मुळे’ सहज एकमेकांच्या जागी वापरतो, त्यामुळे हा सापळा लक्षात यायला वेळ लागतो.

अर्थात भारी शब्द दिसला म्हणजे विधान चूकच, असा समज करून घेऊ नका. ‘ऑल किंवा ओन्ली दिसले की डोळे मिटून फॉल्स’ असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मला अजिबात पटत नाही. उताऱ्यातही तितकाच ठाम शब्द असेल तर उत्तर ट्रू असते, आणि परीक्षक अशी विधाने मुद्दाम घालतात. शब्दाखालची रेघ काय तपासायचे ते सांगते. उत्तर उताऱ्यातूनच मिळते.

विधाने स्वतः तयार करा

माझ्या मते हा सर्वांत गुणकारी सराव आहे आणि तो फार कमी मुले करतात. कोणताही छोटा परिच्छेद घ्या आणि त्यावर एक ट्रू, एक फॉल्स, एक नॉट गिव्हन अशी तीन विधाने स्वतः लिहा. नॉट गिव्हनचे विधान लिहायला बसलात की परीक्षक कसा विचार करतो ते कळते. विषय उताऱ्यातलाच हवा, ऐकायला खरे वाटायला हवे, आणि तरी उताऱ्यात त्याचे उत्तर नको. असे विधान रचायला वेळ लागतो आणि त्या वेळातच शिकणे होते.

लक्ष्मी विलास राजवाड्याचे घ्या. समजा परिच्छेद एवढाच: ‘राजवाड्याचे काम मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केले. त्यांच्या मृत्यूनंतर ते रॉबर्ट चिझम यांनी पुढे नेले आणि १८९० साली राजवाडा पूर्ण झाला.’ ट्रू विधान: राजवाडा पूर्ण होताना मँट हयात नव्हते. फॉल्स: राजवाड्याचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वास्तुतज्ज्ञाने पाहिले. नॉट गिव्हन: राजवाडा लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसपेक्षा मोठा आहे. हे शेवटचे बडोद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेले असते, पाहुण्यांना राजवाडा दाखवताना आपण स्वतःही अभिमानाने सांगतो. या तीन ओळींत मात्र त्याचा पत्ता नाही.

दोघे मिळून केलात तर आणखी चांगले. एकाने विधाने लिहायची, दुसऱ्याने सोडवायची, आणि मग वाद घालायचा. वादात एकच नियम पाळा: ‘मला माहीत आहे’ म्हणायचे नाही, फक्त ओळ दाखवायची. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी असे आपल्यापैकी अनेकांचे होते. मराठी वाचनाचा सराव तुटला असेल तर हे गुजराती वर्तमानपत्रावर करा, काही बिघडत नाही. कोणत्याही भाषेत जमलेली ही शिस्त पुढे इंग्रजीत उपयोगी पडते.

इंग्रजीकडे वळताना कमाटी बागेतल्या संग्रहालयात एक फेरी मारण्यासारखी आहे. तिथे निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे. आयईएलटीएसचे उतारे अशाच विषयांवर येतात: प्राणी, पुरातन वस्तू, शोध, प्रवास. एखाद्या वस्तूची इंग्रजी माहिती वहीत उतरवून घ्या आणि घरी येऊन तिच्यावर तीन विधाने रचा. मजकूर छोटा, भाषा नेमकी, विषय डोळ्यांनी पाहिलेला. पहिल्या आठवड्याला याहून बरे साहित्य नाही.

मग इंग्रजी उतारा

इथे पहिली गोष्ट म्हणजे साहित्य चांगले निवडा. केंब्रिजने छापलेल्या अधिकृत सराव प्रश्नपत्रिका वापरा, किंवा परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरचे मोफत नमुने. अलकापुरी-फतेगंजच्या बाजूला क्लासमध्ये वाटल्या जाणाऱ्या झेरॉक्समध्ये काही वेळा प्रश्नच ढिसाळ असतात, फॉल्स आणि नॉट गिव्हनची सीमा नीट पाळलेली नसते. अशा प्रश्नांवर घासाघीस केली की बरोबर विचार करणारे मूलही गोंधळते. उत्तरतालिका पटत नसेल आणि कागद कुठून आला हे माहीत नसेल, तर तो सरळ बाजूला ठेवा.

उतारा सोडवताना आधी शीर्षक आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचा. विषय कोणता, कुठे काय आहे, एवढा नकाशा डोक्यात आला की पुरे. नंतर पहिले विधान घ्या, भारी शब्दाखाली रेघ ओढा, आणि त्यात असे काही शोधा जे बदलून लिहिणे परीक्षकाला अवघड आहे: व्यक्तीचे नाव, गावाचे नाव, वर्ष, एखादी तांत्रिक संज्ञा. त्या खुणेवरून उताऱ्यातली जागा गाठा. वर्षांच्या बाबतीत मात्र जपून. उताऱ्यात सोळाशेच्या आकड्यातले साल असते आणि विधानात सेव्हन्टीन्थ सेंच्युरी, आणि दोन्ही एकच असतात.

जागा सापडली की ते वाक्य, त्याच्या आधीचे आणि नंतरचे, अशी तिन्ही सावकाश वाचा. अर्धे वाक्य वाचून उत्तर देणे हे चुकांचे मोठे कारण आहे, कारण ‘हाउएव्हर’, ‘बट’, ‘अनलेस’ पुढच्याच ओळीत दबा धरून बसलेले असते.

ट्रू-फॉल्सच्या विधानांची उत्तरे उताऱ्यात त्याच क्रमाने येतात, याचा पुरेपूर फायदा घ्या. तिसऱ्याचे उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणि पाचव्याचे चौथ्यात सापडले असेल, तर चौथे त्या दोघांच्या मध्येच शोधायचे. तिथे दोनदा नजर टाकूनही दुजोरा देणारी किंवा खोडणारी ओळ मिळत नसेल, तर ते नॉट गिव्हन आहे असे समजून पुढे चला. नॉट गिव्हनचे उत्तर शोधत सगळा उतारा पालथा घालण्यात मुलांची कितीतरी मिनिटे जातात. तिथे नसलेले काही सापडणार नाही.

वेळ

सुरुवातीचे दोन आठवडे घड्याळ अजिबात लावू नका. प्रत्येक उत्तरासमोर उताऱ्यातली ओळ क्रमांकासह लिहायची, नॉट गिव्हन असेल तर ‘ओळ नाही’ असे लिहायचे, एवढेच पाळा. उत्तरे बरोबर येऊ लागली की एका उताऱ्याला पंचवीस मिनिटे द्या आणि हळूहळू वीसवर या. परीक्षेत तीन उताऱ्यांना मिळून साठ मिनिटे असतात आणि शेवटचा उतारा सहसा अधिक जड असतो, म्हणून पहिला सोळा-सतरा मिनिटांत उरकण्याचे लक्ष्य ठेवा. एका विधानावर दीड मिनिटाच्या वर गेलात तर जे उत्तर जवळचे वाटते ते लिहून बाजूला खूण करा आणि पुढे जा.

कागदावर परीक्षा देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचे, की लिसनिंगमध्ये उत्तरे उतरवायला वेगळी दहा मिनिटे मिळतात तशी रीडिंगमध्ये मिळत नाहीत. साठ मिनिटांतच उत्तरपत्रिका पूर्ण व्हायला हवी. कॉम्प्युटरवर देणार असाल तर शेवटचे दोन-तीन आठवडे सरावही पडद्यावरच करा. माउसने ओळ रंगवणे, प्रश्न आणि उतारा शेजारी शेजारी ठेवून वाचणे याला वेगळी सवय लागते.

चुकांची वही

प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे कारण लिहा, एका वाक्यात. ‘बाहेरची माहिती वापरली.’ ‘मोस्ट शब्द पाहिला नाही.’ ‘पुढचे वाक्य वाचले नाही.’ ‘नंतर आणि मुळे यांत गल्लत.’ ‘शब्दाचा अर्थच माहीत नव्हता.’ पाच-सहा उतारे झाले की वही उलटून पाहा. बहुतेकांच्या चुका दोन-तीन कारणांतच घुटमळत असतात, आणि ती कारणे प्रत्येकाची वेगळी असतात. शब्दार्थ कमी पडत असेल तर वाचन वाढवा: मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा विद्यापीठात असाल तर हंसा मेहता ग्रंथालयात इंग्रजी मासिके घेऊन बसा. बाहेरची माहिती घुसत असेल तर पुन्हा चार दिवस मराठी उताऱ्यांकडे जा. नुसत्या चाचण्यांमागून चाचण्या देत राहिल्याने आकडा हलत नाही असे जे मुले म्हणतात, त्यांच्याकडे ही वही नसते.

येस, नो, नॉट गिव्हन

याच प्रकाराचे दुसरे रूप. ट्रू-फॉल्स माहितीवर असते, येस-नो लेखकाच्या मतांवर आणि दाव्यांवर. लेखकाने दुसऱ्या कुणाचे मत दिले असेल, ‘काही संशोधकांच्या मते’ वगैरे, तर ते लेखकाचे मत धरू नका. बाकी कसोटी तीच. उत्तरे लिहिताना सूचनेत दिलेले शब्दच लिहा. येस मागितले असेल तिथे ट्रू लिहू नका.

परीक्षेच्या दिवशी

नोंदणी करताना दिलेला पासपोर्टच सोबत न्या, त्याशिवाय आत घेत नाहीत. पेपरची शेवटची दोन मिनिटे राखून ठेवा आणि एकही जागा रिकामी नाही ना ते पाहा. खूण करून सोडलेल्या विधानांवर परत जायला वेळ असेल तर फक्त भारी शब्द आणि त्याची ओळ तपासा, सगळे पुन्हा वाचू नका. नवी ओळ सापडली तरच आधीचे उत्तर बदला, नुसते मन खात असेल म्हणून बदलू नका. कागदावर लिहीत असाल तर जुने उत्तर खोडरबराने स्वच्छ पुसा आणि प्रश्नाचा क्रमांक जुळतो आहे का ते पाहा. मध्येच एक प्रश्न सोडून पुढे गेलेल्यांची खालची सगळी उत्तरे एका घराने सरकलेली असतात.